धन आणि धन्वंतरी

धनत्रयोदशीला आपल्याकडे दोन पूजा होतात. पेढीवरचा माणूस तिजोरी उघडून नाणी, दागिने, जमाखर्चाच्या वह्या मांडतो आणि त्यांना हळदकुंकू वाहतो. वैद्याच्या घरी त्याच संध्याकाळी हाती अमृतकलश घेतलेल्या धन्वंतरीची तसबीर पुसून पाटावर ठेवली जाते. एकाच तिथीला, एकाच समईच्या उजेडात धनाचे आणि आरोग्याचे दैवत असे शेजारी शेजारी बसतात. पूर्वजांनी ही जोडी कशी जमवली ते असो. पैसा आणि प्रकृती ही दोन्ही धड असल्यावाचून दिवाळी गोड लागत नाही, हा साधा अनुभवही तिच्यामागे असेल. परंतु ज्या घरात दुखणाईत माणूस आहे त्या घराला ठाऊक असते, की या दोन दैवतांचे नेहमी पटतेच असे नाही. औषधाच्या दुकानाशी उभा राहून, चिठ्ठीवरची महिन्याची औषधे एकदम घ्यावीत की पाच दिवसांची घेऊन पुढचे पुढे पाहावे, असा मनाशी हिशेब करणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या मुठीतले पैसे आणि दुकानातले औषध यांच्यामध्ये एक आकडा उभा असतो. तो आकडा कोणी ठरवावा, आणि ठरवताना त्याने कोणाचा विचार करावा, हा या लेखाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, यात एवढे विचारण्यासारखे काय आहे? कापडाची किंमत कापडवाला ठरवतो, भांड्यांची भांडीवाला. औषधवाल्याने तेवढे काय पाप केले? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही सरळ आहे. कापड महाग वाटले तर आपण गेल्या वर्षीचा सदरा धुऊन नेसतो. औषध महाग वाटले म्हणून आजार पुढच्या दिवाळीवर ढकलता येत नाही. कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहता येतो. गोळी खरी की खोटी, कसदार की निकस, हे चाचपून कळत नाही, कित्येकदा खाऊनही कळत नाही. आणि कापड आपले आपण निवडतो, औषध मात्र निवडतो एक, विकतो दुसरा, पैसे देतो तिसरा आणि खातो चौथा. ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याला पारखता येत नाही आणि ज्याला निवडता येत नाही, अशा गिऱ्हाइकाशी केलेल्या व्यवहाराला नुसता व्यवहार म्हणून भागत नाही. त्यात विश्वास शिरतो. आणि विश्वास शिरला की धर्माधर्माचा प्रश्न आपोआप शिरतो.

असा प्रश्न हवेत चर्चून हाती फारसे लागत नाही. त्यापेक्षा एखाद्या कारखान्याची कुंडली समोर मांडावी. यासाठी मी मुंबईत जन्मलेली, नव्वदी गाठलेली सिप्ला ही कंपनी घेतो. ती सर्वांत थोर आहे म्हणून नव्हे. तिच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आणि निरनिराळ्या वेषांत येऊन उभा राहिला आहे म्हणून.

ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे, जन्म १८९८ चा. असहकाराच्या चळवळीने त्यांची पिढी भारून टाकली होती. पुढे त्यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिथेच लिथुआनियातल्या एका ज्यू तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि तीच त्यांची सहधर्मचारिणी झाली. जर्मनीत त्या काळी रसायनांचा उद्योग आणि रसायनांची विद्या हातात हात घालून चालत असत. ते दृश्य पाहिलेल्या हिंदी तरुणाच्या मनात, आपल्या देशात साधे इंजेक्शनही बोटीने यावे लागते, याची खंत राहिली नसती तरच नवल. १९३५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईत कंपनी नोंदवली. ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ हे तिचे लांबलचक नाव. त्याची आद्याक्षरे जुळवून ‘सिप्ला’ झाले. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली. दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले, परदेशी औषधांची आवक आटली, आणि औषधे आपल्या देशात होणे हा हौसेचा नव्हे, जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, हे सर्वांना कळून चुकले.

स्वराज्य आले, तरी औषधे स्वस्त झाली नाहीत. याचे मुख्य कारण १९११ सालचा इंग्रजी अमदानीतला पेटंटचा कायदा होता. पेटंट म्हणजे नवा शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षे मिळणारा एकट्याचा हक्क. तो परदेशी कंपनीने घेतला, की ती औषध इथे बनवीत नसली तरी दुसऱ्या कोणाला बनवू देत नसे. १९६० च्या आसपास अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा जगात ज्या देशांत औषधे सर्वांत महाग त्यांत हिंदुस्थानचे नाव निघाले. ज्या देशाचे दरडोई उत्पन्न सर्वांत खालच्या रांगेत, त्याच्या औषधांच्या किमती सर्वांत वरच्या रांगेत! न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या कायद्याची चिकित्सा केली होती. १९६१ साली देशी औषध कारखानदारांनी मुंबईत आपली संघटना उभारली. हमीदांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजला नोबेल पारितोषिक विजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली शिकून १९६० मध्ये परत आले होते. या लढ्यात ते पुढे राहिले. अखेर १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून तो अमलात आला.

या कायद्यातली मेख गृहिणींना चटकन कळेल. चकलीवर कोणाची मालकी नाही. अमुक डाळी अमुक प्रमाणात भाजून, अमुक मोहन घालून चकली करण्याची एखादी रीत कोणी नव्याने शोधली असेल, तर त्या रीतीवर काही काळ त्याचा हक्क राहील. दुसऱ्या कोणाला वेगळ्या रीतीने तीच चकली जमली, तर त्याने ती खुशाल करावी आणि विकावी. औषधांच्या बाबतीत १९७० च्या कायद्याने हेच म्हटले: पेटंट वस्तूवर नाही, कृतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. आपल्या रसायनशास्त्रज्ञांना तेवढी फट पुरली. पुढल्या तीस वर्षांत तेच औषध निराळ्या वाटेने बनवण्यात ते इतके वाकबगार झाले की औषधांच्या आयातीवर जगणारा देश औषधे निर्यात करू लागला.

आता इथेच पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. ही चोरी नाही का? परदेशातल्या कंपनीने वर्षानुवर्षे खपून, कोट्यवधी रुपये ओतून एक औषध शोधावे आणि आपण त्याची नक्कल करावी, हे आयत्या बिळावर नागोबा होणे नव्हे का? आणि वर आम्ही गरिबांना स्वस्त देतो म्हणून मिरवणे, ही आयजीच्या जिवावर बायजी उदार अशातली गत नव्हे का?

या आक्षेपात तथ्य आहे. दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा उजेड उणावत नाही, हे खरे. ज्ञान वाटल्याने आटत नाही, ही त्याची आणि धनाची मुळातली भिन्नता. परंतु पहिला दिवा पेटवायला तेल कोणी घातले, शंभर वाती विझल्या तेव्हा काळोखात कोण बसून राहिले, हेही विचारले पाहिजे. दहा औषधे माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचली तर त्यांतले एखादेच बाजारात येते. बाकीच्या नवांचा खर्च त्या एकाने भरून काढावा लागतो. हा खर्च कोणीच भरला नाही तर उद्याच्या आजारावर औषध शोधायला कोण बसेल? आपण आजच्या रोग्याची बाजू घेताना उद्याच्या रोग्याला विसरत असू, तर ती करुणा आंधळी म्हणावी लागेल.

पण याला दुसरीही बाजू आहे. समुद्रमंथनाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वासुकीची दोरी एका बाजूने देवांनी धरली, दुसऱ्या बाजूने दैत्यांनी. घाम दोघांनीही गाळला. अमृत वर आले तेव्हा मात्र वाटप एकाच पंगतीला झाले. आधुनिक औषधांचा इतिहास पाहिला की ही कथा आठवते. एड्सवरचे पहिले औषध झिडोव्हुडिन. ते प्रथम तयार केले जेरोम हॉरविट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये, सरकारी अनुदानाच्या पैशावर, कर्करोगासाठी. त्याचा उपयोग झाला नाही म्हणून ते पडून राहिले. वीस-बावीस वर्षांनी एड्सवर ते लागू पडते असे दिसले. १९८७ मध्ये एका कंपनीने ते बाजारात आणले आणि वर्षाच्या औषधाला दहा हजार डॉलरांच्या घरात किंमत लावली. एड्सवरच्या दुसऱ्या एका औषधाचा, स्टॅव्हुडिनचा, उपयोग येल विद्यापीठातल्या विल्यम प्रूसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. पेटंट विद्यापीठाचे, विक्रीचा हक्क मोठ्या कंपनीचा. म्हणजे दोरी ओढणारे हात पुष्कळ होते. त्यांत करदात्यांचे होते, विद्यापीठांचे होते, चाचणीसाठी आपला देह देणाऱ्या रोग्यांचेही होते. कंपनीचा हात त्यांत नव्हता असे नाही. पण कलश एकट्या तिच्याच हाती का राहावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

हा वाद विद्वानांच्या सभेत चालला असता तर त्याची एवढी तातडी भासली नसती. परंतु नव्वदीच्या दशकात तो आफ्रिकेच्या गावागावांत येऊन पोचला. १९९६ च्या सुमारास असे सिद्ध झाले, की एड्सच्या विषाणूवर तीन औषधे एकदम दिली तर तो दबून राहतो आणि मरणपंथाला लागलेला मनुष्य उठून कामाला जातो. एक औषध दिले तर तो थोड्याच काळात त्याला दाद देईनासा होतो. श्रीमंत देशांतली एड्सची इस्पितळे रिकामी होऊ लागली. पण तिन्ही औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत ज्या घरी वर्षाचे उत्पन्न काहीशे डॉलर, त्या घरी या औषधाची वार्ता न कळती तरच बरे होते. इलाज नसलेल्या आजाराचे मरण मनुष्य दैवावर सोडतो. इलाज आहे, कपाटात आहे, आणि आपल्याला मिळणार नाही, हे ठाऊक असताना आलेले मरण कोणावर सोडावे?

दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून कायदा केला, तर ३९ औषध कंपन्यांनी त्या सरकारवरच खटला भरला. त्या सरकारचे अध्यक्ष नेल्सन मंडेला होते. पेटंटचा हक्क आणि जगण्याचा हक्क एकमेकांसमोर असे उघडउघड उभे ठाकण्याचा प्रसंग त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

सिप्लाने १९९३ च्या सुमारास, हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेत बसवलेल्या कृतीने, झिडोव्हुडिन बनवायला घेतले होते. किंमत परदेशीच्या कितीतरी खाली होती, तरी ते इथल्या रोग्याच्या आवाक्यात आले नाही, आणि एका औषधाने काम भागतही नव्हते. पुढे तिने तिन्ही औषधे बनवली. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्स येथे युरोपीय आयोगाच्या बैठकीत युसुफ हमीद यांनी वर्षाला ८०० डॉलरला ही तिन्ही औषधे देऊ केली. ज्या सरकारांना ती स्वतः बनवायची असतील त्यांना कृती विनामूल्य शिकवू, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे नेव्हिरापिन फुकट देऊ, असेही सांगितले. सभेतून लगबगीने कोणी पुढे आले नाही. पुढल्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सीमाविरहित डॉक्टर’ या सेवाभावी संस्थेला हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरहून कमी. ही बातमी अमेरिकेच्या वृत्तपत्रात छापून आली आणि जगभर एकच खळबळ उडाली. दहा हजारांची वस्तू साडेतीनशेला देता येते, तर मधले पैसे कशाचे, हा प्रश्न आता कोणाला थोपवता येईना. एप्रिल २००१ मध्ये त्या ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरात दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी एकमुखाने मान्य केले, की सार्वजनिक आरोग्याचे रक्षण करण्याच्या आड पेटंटचे नियम येता कामा नयेत. दर पुढे उतरतच गेले. पहिल्या फळीच्या औषधांचा वर्षाचा खर्च आज शंभर डॉलरांच्याही खाली आहे.

या कथेतली एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. सिप्लाने तिन्ही औषधे एकाच गोळीत घातली: ‘ट्रायोम्युन’. सकाळी एक, रात्री एक. अडाणी रोग्यालाही विसरायला नको. अशी गोळी त्याआधी श्रीमंत देशांत का निघाली नाही? तिथल्या शास्त्रज्ञांना ते सुचले नसते असे नाही. परंतु त्या तीन औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाती होते. मालक तीन, म्हणून गोळ्या तीन. आपल्याकडे औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, म्हणून ती एका गोळीत नांदू शकली. मालकीच्या भिंती केवळ किंमत वाढवीत नाहीत, कधी कधी त्या औषध सुधारण्याच्याही आड येतात, हे या चिमुकल्या गोळीने दाखवून दिले. आणि नवल हे, की स्टॅव्हुडिनचे संशोधक प्रूसॉफ यांनी स्वतःच, आपले औषध गरिबांना मिळावे, असे २००१ च्या वसंतात जाहीरपणे लिहिले. येलच्या विद्यार्थ्यांनीही आवाज उठवला, आणि कंपनीने दक्षिण आफ्रिकेत आपला हक्क न बजावण्याचे मान्य केले. ज्याने दिवा लावला त्याची उजेड कोंडून ठेवण्याची इच्छा नव्हती.

मग सिप्लाने केले ते दान होते का? माझ्या मते नव्हते, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मर्क या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये नदीकाठच्या माश्यांमुळे येणाऱ्या अंधत्वावरचे आपले औषध, लागेल तितके आणि लागेल तोवर, फुकट देण्याचे जाहीर केले आणि ते वचन पाळले. आफ्रिकेतल्या लक्षावधी लोकांचे डोळे त्यामुळे वाचले. हे दान, आणि थोर दान. परंतु दानाचा स्वभाव असा, की देणारा ठरवतो कोणाला द्यावे, काय द्यावे आणि केव्हा थांबावे. घेणाऱ्याच्या हाती फक्त ओंजळ असते. सिप्लाने लावली ती किंमत होती. तिच्यामागोमाग हेटेरो, ऑरोबिंदो, रॅनबॅक्सी याही कंपन्या उतरल्या आणि चढाओढीने दर आणखी खाली आले. गिऱ्हाइकाला ओंजळ पसरावी लागली नाही, त्याने खरेदी केली. गरीब देशाचा आरोग्यमंत्री चार भाव विचारून घासाघीस करू लागला, यात दानापेक्षा निराळी अशी एक प्रतिष्ठा आहे. दान पोट भरते. न्याय ताठ मानेने जेवू घालतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मी एका कंपनीची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. आरतीचे तबक खाली ठेवून कुंडलीतली बाकीची घरेही पाहिली पाहिजेत.

सरकारने १९९५ च्या आदेशाने काही औषधांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली होती. त्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेतल्याबद्दल ज्या कंपन्यांकडे सरकारने वसुली मागितली, त्यांत सिप्ला होती. ती प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयांत चालली. म्हणजे आफ्रिकेत किमती उतरवणारी कंपनी इथे किमतीच्या मर्यादेवरून सरकारशी भांडत होती. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या एर्लोटिनिब या औषधाचे उदाहरण घ्या. पेटंटधारक कंपनीची एक गोळी ४,८०० रुपयांना, तर सिप्लाची १,६०० ला. २००८ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने रोग्यांचे हित पाहून सिप्लाची विक्री थांबवायला नकार दिला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सिप्लाने पेटंटचा भंग केला असे ठरवले. कायद्याची बाजू कोणाची, यावर न्यायाधीशांचेही असे एकमत होत नाही. परंतु रोज एक गोळी घेणाऱ्या रोग्याच्या घरी, १,६०० रुपये हे तरी स्वस्त होते काय? महिन्याचे ४८,००० होतात. एक तृतीयांश किंमत हा दिलासा खरा, पण ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला तिसरा हिस्साही पर्वताएवढाच.

आणखी एक गोष्ट. स्वस्ताई हा औषधाचा एकमेव गुण नव्हे, पहिलाही नव्हे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची एड्सवरची दोन औषधे आपल्या मान्य यादीतून काढली, कारण ज्या प्रयोगशाळेकडून त्यांची तपासणी करून घेतली होती तिचे काम नियमाप्रमाणे नव्हते. तपासणी पुन्हा झाली आणि त्याच वर्षाअखेर ती यादीत परत आली. परंतु अशा वेळी गरिबाची काय अवस्था होते ते पाहावे: महाग औषध परवडत नाही, आणि स्वस्तावरचा विश्वास डळमळला. मुंबईला तर या भीतीची जुनी ओळख आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल देण्यात आल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या चौकशी आयोगाने त्यामागची बेपर्वाई आणि लाचलुचपत उघड केली. स्वस्ताच्या नावाखाली निकस माल खपवणारा धन्वंतरीचा वेष घेऊन आलेला असतो, आणि महाग विकणाऱ्यापेक्षा तो अधिक घातकी. महाग औषध निदान विष म्हणून पोटात जात नाही.

आणि केवळ सद्हेतूवर कारखाना चालत नाही, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. पिंपरीला १९५४ मध्ये सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभारली. पुढल्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नफ्याचा हव्यास नाही, पेटंटची भिंत नाही, हेतू निर्मळ. पुण्याच्या कित्येक कुटुंबांची चूल त्या कारखान्यावर पेटली. पण पुढे तो तोट्यात रुतला आणि नव्वदीनंतर आजारी उद्योगांत गणला गेला. धनाला विन्मुख झालेला धन्वंतरीही फार काळ उभा राहत नाही. पाटावर दोघांना बसवण्यात पूर्वजांचे काही चुकले नव्हते. प्रश्न इतकाच, की अग्रपूजेचा मान कोणाचा?

२००५ पासून आपला कायदा पुन्हा बदलला आहे. जागतिक व्यापार करारामुळे औषधाच्या वस्तूवर वीस वर्षांचे पेटंट आपल्यालाही द्यावे लागते. म्हणजे २००१ ची ट्रायोम्युनची कथा आजच्या एखाद्या नव्या औषधाच्या बाबतीत तशीच घडणे कठीण आहे. तथापि कायदा करताना आपल्या संसदेने दोन खिडक्या राखून ठेवल्या. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून, त्याचा गुण वाढलेला नसताना, नवे पेटंट मागता येणार नाही, ही एक. २०१३ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दुसरी, औषध लोकांना परवडेल अशा किमतीत मिळत नसेल तर दुसऱ्याला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना देण्याची. २०१२ मध्ये कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला तसा परवाना मिळाला. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांचे औषध ८,८८० ला मिळू लागले, आणि शोधकर्त्या कंपनीला विक्रीवर रॉयल्टी ठरवून दिली गेली. शोधकाला मोबदला आणि रोग्याला औषध, ही दोन्ही एकाच हुकमात बसू शकतात, हे त्यातून दिसले. युसुफ हमीद हेच पूर्वीपासून सांगत आले: शोधकाला रॉयल्टी द्या, पण औषध बनवण्याची मक्तेदारी देऊ नका. खिडकी आहे हे खरे. मात्र ती उघडायला हात लागतो, आणि नॅटकोनंतर तो हात क्वचितच पुढे झाला आहे.

माझे म्हणणे आता थोडक्यात सांगतो. औषध कंपनी चांगली की वाईट, या प्रश्नात आपण उगाच अडकतो. तीच कंपनी एका देशात तारक आणि दुसऱ्या खटल्यात प्रतिवादी असू शकते. पुण्याजवळ वारज्याला सिप्लाच्या न्यासाने १९९७ पासून चालवलेले केंद्र आहे. बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची तिथे एक पैसाही न घेता सेवा होते. ते पाहून हात जोडावेसे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या औषधाची पावती पाहून कपाळाला आठी पडू शकते. दोन्ही खरे. मनुष्यासारखीच कंपनीही मिश्र असते. म्हणून रोग्याचे जगणे कंपनीच्या भलेपणावर टांगून ठेवणे हाच मुळात अन्याय आहे, मग ती कंपनी कितीही भली असो.

२००१ मध्ये सिप्लाला जे करता आले ते १९७० च्या कायद्यामुळे. तो कायदा कोणा कारखानदाराने केला नव्हता. आपण निवडून दिलेल्या माणसांनी, न्यायमूर्तींच्या अहवालावर अनेक वर्षे काथ्याकूट करून तो केला होता. दार समाजाने उघडले. अर्थात तेच दार आणखी कितीक कंपन्यांना उघडे होते, आणि सगळ्यांच्या आधी त्यातून जाऊन ‘आम्ही साडेतीनशेला देतो’ असे जगाला सांगणारा एकच निघाला, हे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे. कायदा दार करतो, पण उंबरा ओलांडायला माणसाची हिंमत लागते. दोहोंपैकी एकावर भागत नाही. मात्र हिंमतवान माणूस केव्हा जन्माला येईल हे आपल्या हाती नसते. दार उघडे आहे की बंद, हे आपल्या हाती असते.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही आपली म्हण वैद्यावर झालेल्या अन्यायाची आहे. ज्याने वाचवले त्याचे ऋण बरा झालेला मनुष्य विसरतो, ही तिच्यातली खंत. संशोधकाला त्याचा मोबदला नाकारू पाहणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. परंतु वैद्य जगावा म्हणून रोग्याने मरावे, अशी म्हण आपल्या भाषेत कोणी केलेली नाही. ती व्यवहारात मात्र चालू राहू नये, याची काळजी कंपनीच्या संचालकांपेक्षा तुम्हाआम्हालाच जास्त असायला हवी. कारण भागधारक थोडे असतात, दुखणे कोणाच्याही घरी येते. या धनत्रयोदशीला दोन्ही दैवतांपुढे दिवा लावताना आपण जरूर म्हणावे, की घरात धन असू दे. पण त्या धनाचे माप ओलांडून ज्याला औषधापर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी आपण कोणते दार उघडे ठेवले आहे, हेही स्वतःला विचारावे.